मूळपुरुष उपदेशक : नगरच्या ख्रिस्ती घरांची पार्श्वभूमी

नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घराचा इतिहास विचारला, तर तो बहुधा एका माणसापाशी जाऊन थांबतो. पणजोबा, नाहीतर खापरपणजोबा. कुणी त्यांना उपदेशक म्हणते, कुणी मास्तर, कुणी पाळकबाबा. त्यांच्या आधीची नावे कुणाला सांगता येत नाहीत. नंतरची सगळी त्यांच्यापासून मोजली जातात. आजही अशा घरातले एखादे वृद्ध उपदेशक गेले की घरच्यांच्या आठवणींत दोन गोष्टी शेजारीशेजारी येतात. त्यांनी कोणकोणत्या मंडळ्या, म्हणजे गावोगावचे ख्रिस्ती समूह, सांभाळल्या, आणि कोणाकोणाची लग्ने जुळवली, शिक्षणे केली, भांडणे मिटवली. व्यासपीठावरचा प्रचारक आणि ओसरीवरचा वडीलधारा एकाच अंगरख्यात कसा आला, याला दोनशे वर्षांची कारणे आहेत.

सुरुवात मुंबईतून झाली. अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतल्या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते आणि त्यांना परत पाठवण्याची खटपटही झाली. त्याच वर्षी कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण होऊन मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना घातला, बाजारात उभे राहून उपदेश केला. हाती फार थोडे लागले. १८३१ च्या अखेरीस या अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ठाणे केले आणि पुढची कहाणी देशावर घडली. सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळाही याच शहरातली. जोतीराव फुल्यांनी ती पाहिली होती. ‘ज्ञानोदय’ हे मासिक १८४२ मध्ये इथूनच निघाले. मंडळ्यांच्या बातम्या आणि गेलेल्या माणसांची चरित्रे लिहिण्याचे वळण नगरच्या ख्रिस्ती समाजाला लागले, त्यात या मासिकाचा वाटा मोठा आहे.

पहिल्या पिढीतले देशी उपदेशक बरेचसे ब्राह्मण होते. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ मध्ये नगरमध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांच्या काळात बाप्तिस्मा घेणे म्हणजे काय, हे आज नीट कळत नाही. घरच्यांनी जिवंत माणसाच्या नावाने पाणी सोडावे, बायकोला माहेरचे घेऊन जावेत, आईने तोंड पाहू नये. मुंबईत १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. त्याच्या ताब्याचा वाद कोर्टात गेला आणि मुलगा बापाकडे परतला. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर शहर पेटले. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले, म्हणून सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. थोरला भाऊ नारायण पुढे स्कॉटिश मिशनचा नामांकित उपदेशक झाला आणि जालन्याजवळ त्याने बेथेल नावाचे ख्रिस्ती लोकांचे गावच वसवले. घरातून तुटलेल्या माणसाने गाव वसवावे, यात मला त्या काळच्या उपदेशकाचे सगळे जगणे दिसते.

१८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला. म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला वाटा कागदोपत्री तरी बुडणार नव्हता. पण कायदा भाऊकी देत नाही. मुलीला स्थळ कोण आणणार? बाळंतपणाला कोण येणार? मयताला खांदा कोण देणार? हे प्रश्न मंडळीने, म्हणजे त्या गावातल्या पाच-पंचवीस ख्रिस्ती माणसांनी, आपसात सोडवायचे होते. आणि मंडळीत सर्वांना ओळखणारा, गावोगाव फिरणारा, पत्रे लिहिणारा माणूस एकच होता. स्थळ त्याला माहीत असे, कारण शेजारच्या तालुक्यातला उपदेशक त्याचा सहाध्यायी. बारसे, लग्न, अंत्यविधी त्याच्याच हातून व्हायचे. जातपंचायत सुटली होती. तिचे निम्मे काम त्याच्या दारात येऊन पडले.

समाजाचा तोंडवळा खऱ्या अर्थाने बदलला तो नंतर. ब्राह्मण एकेकटे आले होते. महार आणि मांग कुटुंबेच्या कुटुंबे आली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन भाजून काढले आणि त्यानंतर वडाळा, राहुरी या भागांतल्या महारवाड्या-मांगवाड्यांमध्ये मंडळ्या वाढल्या. धान्यासाठी धर्म बदलला, हा टोमणा तेव्हापासूनचा आहे. त्यात काहीच तथ्य नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण पाऊस पडला, धान्य वाटणे थांबले, तरी बहुतेक लोक टिकले. त्यांना धरून ठेवणारी गोष्ट वाड्यातली शाळा होती, असे मला वाटते. जिथे पिढ्यानपिढ्या अक्षराला हात लावू दिला नव्हता, तिथे सकाळी पोरांची आणि रात्री मोठ्यांची शाळा भरू लागली. शिकवणारा तोच, रविवारी उपदेश करणाराही तोच.

मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ मध्ये नगरला ईश्वरविज्ञानाची शाळा काढली आणि असे उपदेशक तयार होऊ लागले. ही पिढी वाड्यांतूनच आलेली. घरातला पहिला शिकलेला, पहिला पगारदार, पहिला सदरा घालणारा माणूस. गोऱ्या साहेबाचा दौरा हिवाळ्यात व्हायचा. तंबू, बैलगाड्या, जादूच्या कंदिलाची चित्रे. आठ दिवस गावात गलबला, मग साहेब पुढच्या मुक्कामी. उरलेले वर्ष गावात राहायचे ते उपदेशकाने. पाटलाने बाटलेल्या महाराला येसकरकीला, म्हणजे गावाच्या वेशीच्या राखणीला, बोलावले तर जायचे की नाही, बलुत्यातला वाटा सोडायचा की मागायचा, विहिरीवर पाणी भरू देईनात तर मामलेदाराकडे अर्ज कोणी लिहायचा, हे सगळे त्याच्या डोक्याला. मिशनच्या इंग्रजी अहवालांत मात्र तो ‘नेटिव्ह हेल्पर’ या रकान्यातला एक आकडा असतो. साहेबांची चरित्रे निघाली, चर्चना त्यांची नावे लागली. मदतनिसांची नावे आठवायला त्यांच्या नातवंडांखेरीज कोणी नव्हते.

त्याच्या बायकोचे काम तर त्या आकड्यातही क्वचितच धरले जाई. बायबलबाई म्हणून घरोघर जाऊन वाचून दाखवणारी, बायकांना अक्षरे शिकवणारी तीच. बदली झाली की चूल उचलणारी, आल्यागेल्याला भाकर घालणारीही तीच. उपदेशकाचे घर सगळ्यांचे होते असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा ते सगळ्यांचे ठेवायला कोण राबत होते हेही धरावे.

उपदेशाची रीत हा वेगळा आणि रंगतदार भाग आहे. सुरुवातीची बरीच गीते इंग्रजी चालींवर बसवलेली होती. शब्द मराठी, पण कानाला परके. शेतावरून आलेल्या माणसाला त्यात मान डोलवायला जागा नव्हती. शिवाय जत्रा, तमाशा, दारू, तंबाखू यांना मंडळीत मज्जाव होता. यातली दारू सुटली ही मोठी मिळकत. पण तिच्याबरोबर गाणेबजावणेही सुटू पाहत होते. ही कोंडी फोडली कीर्तनाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग, मागे झील धरणारे साथीदार. आख्यान मात्र बायबलातल्या उधळ्या पुत्राचे किंवा योसेफाचे. कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींवर रचलेली गीते मराठी उपासनेत रुळली. जुन्या उपदेशकांच्या पोतडीत बायबलाबरोबर टाळ असत, ते या वळणामुळे.

मग आले नारायण वामन टिळक. ६ डिसेंबर १८६१ चा जन्म, कोकणातल्या करजगावचा. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा मागे राहिले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरला आल्या आणि पुढे त्यांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हा सगळा प्रवास त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. संताचे घर आतून कसे असते हे इतक्या मिश्कीलपणे सांगणारे पुस्तक मराठीत दुसरे नाही.

टिळक नगरला शिकवत, कीर्तने करत, अभंग आणि ओव्या लिहीत, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन पाहत. ख्रिस्ताला ते माउली म्हणत, ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच आपण त्याच्याकडे आलो असे सांगत. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्याच भाषेत रडायची-गायची सोय झाली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे घर अधिक महत्त्वाचे. पोरकी मुले, शिकायला आलेली मुले, नुसतीच आलेली माणसे, असा त्या घरात सतत राबता असे. जातीने आणि धर्माने वेगळे असलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, या घरात मुलासारखे राहिले. टिळक आलेला पैसा घरी टिकू देत नसत. कुणी मागितले की देऊन मोकळे होत, आणि मग घर चालवायची कसरत लक्ष्मीबाईंची. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत, ही कल्पना. ती त्यांच्यामागे फार चालली नाही. ९ मे १९१९ रोजी ते गेले. पण प्रचारक म्हणजे सर्वांचा बाप, त्याचे दार उघडे आणि खिसा रिकामा, ही प्रतिमा पुढच्या अनेक उपदेशकांनी मनात धरली. काहींना ती झेपली. काहींच्या मुलांनी तिची किंमत मोजली. इतरांची फी भरणाऱ्या बापाच्या पोराला वही जुनीच मिळे, असे सांगणारी माणसे अशा घरांत अजून भेटतात, आणि बापाबद्दलचा अभिमान व ती सल एकाच वाक्यात सांगतात.

विसाव्या शतकात पाया बदलत गेला. १९२४ मध्ये इथल्या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या; १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. परदेशातून येणारा पैसा आटत गेला आणि उपदेशकाचा पगार मंडळीच्या वर्गणीवर आला. १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. वाड्यातल्या शाळेतून बोर्डिंगात गेलेल्यांची मुले आता कॉलेजात, तिथून शिक्षक, परिचारिका, कारकून होऊन पुण्या-मुंबईला गेली. उपदेशक निवृत्त होऊन मुलाच्या दोन खोल्यांत राहायला आले. मंडळी गेली, पण संध्याकाळची कौटुंबिक उपासना त्यांनी सोडली नाही. एक अध्याय, एक गीत, मग प्रत्येक लेकरासाठी नाव घेऊन प्रार्थना. परगावी असलेल्यांचीही नावे, परीक्षा आणि आजारपणे तारखेनिशी तोंडपाठ. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांपैकी एकावर बोलायला त्यांना मानाने बोलावत. हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या कोंबड्या-भोपळ्यांच्या लिलावात तेच मोठी बोली लावून लोकांना पेटवत.

या आठवणींत एक गोष्ट मात्र सहसा नसते, ती जात. पणजोबांच्या आधीचे कोणी आठवत नाही याचे एक कारण लिहिता येत नव्हते हे. दुसरे, आठवायचे नव्हते हे. नव्या नावाबरोबर नवे कूळ सुरू झाले, अशी समजूत घरोघर जपली गेली. पण समाजाने जात सोडली नव्हती, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती वगळले गेले. नंतर १९५६ मध्ये शिखांचा, १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. आंबेडकरी चळवळीने शेजारची घरे बोलकी केली, तेव्हा उपदेशकांची नातवंडेही स्वतःला दलित ख्रिस्ती म्हणवून घेऊ लागली. काही आजोबांना हे पटले नाही. प्रभूत सगळे एक, मग मागचे कशाला उकरायचे, असे त्यांचे म्हणणे. विहिरीसाठी अर्ज ज्या हातांनी लिहिले, त्याच हातांनी ती आठवण झाकावी, याचे आश्चर्य वाटते. पण त्या अर्जांनी त्यांचे आयुष्य किती खाल्ले होते ते पाहिले की राग येत नाही.

अशा माणसाचे चरित्र आज जुळवायचे तर साधने थोडी पण भरवशाची आहेत. ‘ज्ञानोदय’चे जुने अंक, मंडळीच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या, मिशनचे वार्षिक अहवाल. आणि घरातली ट्रंक असेल, तर तिच्यातली उपदेशाच्या टिपणांची वही. डावीकडे शास्त्रवचन, उजवीकडे मुद्दे, आणि मागच्या पानांवर वर्गणीचे हिशेब, उसने दिलेले पैसे, कुणाच्या मुलीसाठी कुठे पत्र लिहायचे त्याची यादी.