अझेलिया : पाटीवरचं नाव आणि खिडकीखालचं झुडूप

घराच्या भिंतीला लागून, खिडकीखाली अझेलियाची रांग लावायची. ती खिडकीच्या वर गेली की कात्री घेऊन चौकोनी कापायची. मग पुढच्या वसंतात फुलं आली नाहीत म्हणून खत टाकायचं. हा क्रम कित्येक पिढ्यांचा आहे. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात, त्यामुळे उशिरा छाटलं की फुलंच छाटली जातात, हे बहुतेकांना माहीत असतं. तरीही कात्री चालते, कारण झुडूप जागेला मोठं झालेलं असतं. आणि ते जागेला मोठं होतं, कारण रोप घेताना नावावरून काहीच कळलेलं नसतं.

१७५३ मध्ये एका स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने अझेलिया आणि तिचं मोठ्या पानांचं भावंड ऱ्होडोडेंड्रॉन अशा दोन वेगळ्या प्रजाती (म्हणजे अनेक जातींचे गट) मांडल्या. कसोटी सोपी होती : फुलात पुंकेसर पाच असतील तर अझेलिया, दहा असतील तर ऱ्होडोडेंड्रॉन. नाव आलं ते कोरडा, सुका या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. हे झाड कोरड्या जमिनीतलं, अशी समजूत त्यामागे असावी. ज्याने एकदा तरी अझेलिया लावली आहे त्याला हे वाचून हसू येईल. हिची मुळं केसासारखी बारीक आणि वरच्या वीतभर मातीतच पसरलेली. पाण्याची पाळी चुकली की बागेत सगळ्यात आधी मान टाकते ती हीच.

दोन प्रजातींचा हा संसार फार टिकला नाही. पुंकेसरांचा हिशेब जुळत नाही हे लवकरच लक्षात आलं. १७९६ मध्ये एका इंग्रज अभ्यासकाने अझेलियाला ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये घातलं आणि १८३४ च्या मोठ्या फेरमांडणीत ते पक्कं झालं. वनस्पतीशास्त्रात त्यानंतर अझेलिया नावाची स्वतंत्र प्रजाती उरली नाही. माळ्यांनी मात्र हा निकाल कधी मानला नाही, आणि माझ्या मते बरोबरच केलं. गुडघाभर उंचीच्या, इवल्या पानांच्या झुडपाला आणि वीतभर लांब चामड्यासारख्या पानांच्या झाडाला एकाच नावाने हाक मारून बागेत काम होत नाही.

खरा घोळ पुढे आहे, ‘इंडिका’ या शब्दात. १७५३ च्या यादीत ‘अझेलिया इंडिका’ होती. इंडिका म्हणजे भारताची, असं आपण सहज वाचतो. तेव्हाच्या युरोपात मात्र ‘इंडीज’मध्ये पूर्वेकडचा सगळाच मुलूख मोडायचा. हे झाड जपानचं. जपानी बागकामात त्याला ‘सात्सुकी’, म्हणजे जुन्या पंचांगातल्या पाचव्या महिन्यात फुलणारं, म्हणून कधीपासूनच ओळखत होते. तिथे १६९२ मध्ये अझेलियावर पाच भागांचा ग्रंथ निघाला होता आणि त्यात मुख्य विभागणी केली होती ती फुलण्याच्या काळावर : आधी फुलणाऱ्या ‘त्सुत्सुजी’, मागाहून फुलणाऱ्या ‘सात्सुकी’. वाफ्यात कोणती कुठे लावायची हे ठरवणाऱ्याला पुंकेसर मोजण्यापेक्षा ही विभागणी केव्हाही उपयोगाची.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधून आणखी एक सदाहरित अझेलिया युरोपात पोचली आणि तिलाही ‘इंडिका’च म्हटलं गेलं. ती वेगळी जाती होती. १८५० च्या दशकात तिला ‘सिम्सी’ हे स्वतःचं नाव मिळालं, पण तोवर बेल्जियममधल्या गेंट शहराच्या काचघरांतून तिचे संकर ‘अझेलिया इंडिका’ म्हणून बाजारात रुळले होते. व्यापारात रुळलेलं नाव शास्त्राच्या दुरुस्तीने मागे फिरत नाही. हिवाळ्यात फुललेली, कुंडीत घरात ठेवायची जी अझेलिया मिळते ती याच वंशातली. म्हणजे जी खरी ‘इंडिका’ ती सात्सुकी म्हणून विकली जाते आणि जिला इंडिका म्हणतात ती मुळात सिम्सी. भारताची दोन्हीपैकी एकही नाही.

यावर कडी म्हणजे सिम्सीच्या फुलात पुंकेसर साधारणपणे आठ ते दहा असतात. कुंडीतल्या एका गुलाबी एकेरी फुलाचे मी एकदा नखाने बाजूला करत मोजले. पहिल्यांदा नऊ भरले. एक पाकळीला चिकटून बसला होता, तो धरून दहा. (दुहेरी फुलाच्या वाटेला जाऊ नये, त्यात काही पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात.) मूळ कसोटी लावली तर जगातली सर्वात परिचित अझेलिया ही अझेलियाच नव्हे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने उरलासुरला आधारही काढून घेतला. पानझडी अझेलिया या सदाहरित अझेलियांपेक्षा मोठ्या पानांच्या ऱ्होडोडेंड्रॉनना जवळच्या निघाल्या. बागेत दोघी शेजारी शोभतात, पण नातं लांबचं.

गेंटची हीच काचघरातली झुडपं १८४० च्या दशकापासून अमेरिकेच्या दक्षिणेत उघड्यावर लावली जाऊ लागली. चार्ल्सटनजवळच्या एका नदीकाठच्या मळ्यातली बाग त्यात सर्वात गाजली. उंच झाडांची विरळ सावली, पडलेल्या पानांनी आम्लधर्मी राहणारी माती, काळ्या पाण्यात पडणारं रंगांचं प्रतिबिंब. अझेलिया लावायची ती अशी, हे चित्र तिथून डोक्यात बसलं. ही बाग गुलामांच्या श्रमावर उभी राहिली होती, हे त्या चित्रात दिसत नाही. दिसत नाही आणखी एक गोष्ट : ‘सदर्न इंडिका’ म्हणून ओळखली जाणारी तिथली ही झुडपं आठ-दहा फूट सहज वाढतात. मळ्यात ते खपून गेलं. तेच वाण उपनगरातल्या खिडकीखाली आले आणि कात्रीचा धंदा सुरू झाला.

लहान जागेला शोभेल अशी अझेलिया जपानच्या कुरुमे शहरात होती. तिचे नमुने १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात आले. १९१८ मध्ये एका वनस्पती संग्राहकाने कुरुमेला जाऊन पन्नास वाण निवडले, ते पुढच्या वर्षी अमेरिकेत पोचले. पान नखाएवढं, फूल लहान पण इतकं दाट की पान दिसू नये. पाठोपाठ घराच्या पुढल्या भिंतीला सदाहरित झुडपांची किनार लावायची पद्धत फोफावली आणि कुरुमेला बाजार मिळाला. भिंतीलगत ऊन परतून येतं, आणि चुन्याच्या गिलाव्यातून झिरपणारं पाणी मातीचा सामू (pH) वर नेतं. अझेलियाला तो साडेचार ते सहाच्या दरम्यान लागतो. त्याहून वाढला की मातीत असलेलं लोहही तिला घेता येत नाही, मग पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. जाळीदार पंखांचा रसशोषक किडाही साधारण त्याच दशकात जपानमधून अमेरिकेत येऊन ठेपला होता. तोही उन्हातल्या झुडपांवरच जास्त माजतो. पान वरून ठिपक्याठिपक्यांनी पांढुरकं पडलं की उलटून पाहावं, खाली काळे चिकट डाग असतात. औषध फवारण्याआधी झुडूप सावलीत हलवलं असतं तर, हा विचार फार थोड्यांनी केला.

कुरुमेची शोभा, इंडिकाएवढं मोठं फूल आणि थंडी सोसण्याची ताकद एकत्र आणायचा प्रयत्न १९३५ पासून मेरीलँडमधल्या ग्लेन डेलच्या सरकारी केंद्रात झाला. हजारो रोपांतून ४५४ वाणांना नावं मिळाली. इतक्या नावांची घरच्या बागेला गरज होती का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि मलाही तो पडतो. नाव न मिळालेली रोपं वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी वनस्पती उद्यानाच्या टेकडीवर लावली गेली. दर वसंतात लोक ती पाहायला लोटू लागले.

२०१० च्या अखेरीस त्याच टेकडीवरच्या हजारो अझेलिया उपटायचं ठरलं. पैसा आटला होता, हे एक कारण. दुसरं असं की या झुडपांना ना नाव ना नोंद, त्यामुळे संग्रह म्हणून त्यांची किंमत नाही. कागदावर हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. बिननावाची सहा दशकांची झुडपं जपताना नावाच्या संग्रहांचं पाणी तोडायचं का, हा व्यवस्थापनाचा खराच पेच होता. पण त्या टेकडीवर पाटी वाचायला कोणी जातच नव्हतं. ओरड झाली, एका देणगीदाराने मोठी रक्कम दिली आणि पुढच्या वर्षी निर्णय मागे पडला.

नावाला पैसा जोडणं मात्र तोवर वेगळ्या वाटेने सुरू झालं होतं. उन्हाळ्यात फुलणाऱ्या एका तैवानी जातीशी संकर करून वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलणाऱ्या अझेलिया १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आल्या. यांना नावं दोन-दोन. ‘ऑटम अमेथिस्ट’ हे विक्रीचं नाव, वाणाचं खरं नाव ‘कॉनली’. पहिलं टॅगवर ठळक छापलेलं असतं, दुसरं बारीक. पूर्ण वाढल्यावरची उंची आणि पसारा असतो तोही बहुधा त्याच बारीक अक्षरांत.