सूट वेगळी, भेट वेगळी: ओळखीतल्या केकचा हिशेब

“अगं, आपल्यात कसला हिशेब? सामानाचे तेवढे घे.” हे वाक्य ऐकलं नाही अशी घरून केक करून देणारी बाई मला अजून भेटलेली नाही. आणि त्यावर “बरं, बघते” म्हणून रात्री दीड वाजता फ्रीजसमोर उभी राहून चडफडली नाही, अशीही नाही.

या चडफडीचं मूळ पैशांत कमी आणि शब्दांच्या गोंधळात जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. आपण सूट देतो आणि मनात म्हणतो, भेट दिली. मैत्रीण सूट मागते आणि तिला वाटतं, आपण नुसती आपुलकी मागितली. दोघींच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात, व्यवहार मात्र एकच होतो. मग एकीला वाटतं आपल्याला गृहीत धरलं, आणि दुसरीला कळतच नाही की ही एकदम गप्प का झाली.

भेट म्हणजे काय, ते कुणाला समजावायला नको. मनात आलं, दिलं, विषय संपला. ती पूर्ण असेल किंवा थोडी असेल, आधी सांगून असेल किंवा अचानक असेल, त्यात कुणी अडखळत नाही. अडखळतात ते सवलतीशी.

दुकानात सूट का मिळते ते आठवा. पडून राहिलेला माल काढायचा असतो, किंवा गिऱ्हाईक एकदम शंभर नग उचलतं म्हणून नगामागे खर्च कमी येतो. ऑर्डरचा केक यातल्या कशातच बसत नाही. मागितल्याशिवाय तो होतच नाही, त्यामुळे पडून राहिलेला माल नाही. एकच करायचा, त्यामुळे नगामागे वाचत काही नाही. दुकानदाराच्या सवलतीमागे जे कारण असतं तेच इथे नाही. मग ही सूट येते कुठून?

एक साधा केक घेऊ. आठ इंची, दोन थर, बटरक्रीम (लोणी-साखर फेटून केलेलं क्रीम), वर थोडी पायपिंगची, म्हणजे नोझल लावलेल्या पिशवीतून दाबून काढलेली फुलं. हिशेबाच्या सोयीसाठी त्याची पूर्ण किंमत १०० धरू, पुढचे किमतीचे सगळे आकडे याच मापाचे. त्यातले ३५ सामानाचे: मैदा, साखर, लोणी, अंडी, चॉकलेट. १५ अशा गोष्टींचे, ज्या कुणी मोजतच नाही: बॉक्स, बोर्ड, बटर पेपर, ओव्हनची वीज, झिजत चाललेला बीटर, मधूनच एखादा फसलेला स्पंज, म्हणजे केकचा भाजलेला गाभा. ४० मजुरी, म्हणजे ४ तास, तासाला १०. उरलेले १० नफा. केक भाजायचा नवा टिन किंवा केक ठेवून फिरवायचा नवा टर्नटेबल त्यातूनच यायचा असतो. प्रत्येकीचे आकडे वेगळे येतील, कप्पे मात्र हेच राहतील.

४ तास जास्त वाटत असतील तर एकदा घड्याळ लावून लिहून काढा. मी लिहिलं आहे. वजन करणं, टिनला कागद लावणं, लोणी-साखर फेटणं, बॅटर ओतणं. स्पंज भाजला की तो पूर्ण गार होईपर्यंत थांबणं, कारण कोमट स्पंजवर बटरक्रीम लावलं की ते वितळतं आणि वरचा थर घसरतो. (हा थांबायचा वेळ मी मजुरीत धरतही नाही.) मग थर कापणं, भरणं, चुरा धरून ठेवायला बटरक्रीमचा पातळसा क्रम्ब कोट, वीस-तीस मिनिटं फ्रीज, मग वरचा कोट. तो स्क्रॅपरने गुळगुळीत करताना एक बाजू नीट होते तोवर दुसरीकडे हवेचा खळगा दिसतो, तो भरायचा, पुन्हा टर्नटेबल फिरवायचा. शेवटी फुलं. आणि सगळं झाल्यावर सिंकजवळ उभं राहून लोण्याने मेणचटलेल्या नोझलच्या टोकातून बारीक ब्रश फिरवत बसायचं. हे शेवटचं काम कुठल्याच फोटोत येत नाही.

आता या १०० वर २० टक्के सूट द्या. ८० आले. लोण्याच्या किमतीला आपली मैत्री माहीत नसते, तिचे पैसे तेवढेच जातात. बॉक्सचेही. म्हणजे ३५ आणि १५ मिळून ५० जाणारच. मजुरी आणि नफा मिळून तुमच्या हातात ५० राहणार होते, आता ३० राहिले. मैत्रिणीला २० टक्के सूट मिळाली, तुमची कमाई मात्र ४० टक्क्यांनी उतरली. नफा सगळा गेला आणि चारपैकी एक तास फुकट गेला. “अर्ध्या किमतीत कर ना” याचा अर्थ चारही तास फुकट. आणि “सामानाचे तेवढे घे” याचा अर्थ ३५ घ्या, म्हणजे वरचे १५ तुम्ही स्वतःच्या खिशातून घाला. याला आपल्याकडे पदरमोड म्हणतात. मागणारीला हे माहीत नसतं. ती मनापासून समजते की सामानाचे पैसे दिले म्हणजे आपण हिला तोशीस लागू दिली नाही.

इथवरचा हिशेब पुष्कळजणींना पटतो. खरी चूक होते ती याच्या पुढे, आणि ती मागणाऱ्या बाजूची नसते, आपली असते.

समजा तुम्ही ८० घेतले. हे ८० दोन तऱ्हांनी घेता येतात. एक, नुसतं “८० झाले” म्हणायचं. दोन, “किंमत १००, त्यातले २० माझ्याकडून तुझ्या लेकीला, तू ८० दे” असं म्हणायचं. हातात पैसे तेवढेच येतात, पण या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तुम्ही भेट दिलेलीच नाही. तुम्ही फक्त तुमच्या केकची किंमत ८० आहे असं जाहीर केलंत.

माझ्याकडे हे घडलं आहे. एका जवळच्या मैत्रिणीच्या लेकीचा वाढदिवस होता. मी मनातल्या मनात कमी केले आणि ८० च्या हिशेबाने पैसे सांगितले. तिने आनंदाने दिले. दोन महिन्यांनी तिच्या नणंदेचा फोन आला: “वहिनीला लावलात तोच रेट लावा हं, आणि आता मीपण घरचीच, तर थोडं कमी करा.” म्हणजे ८० हा रेट झाला होता आणि सूट त्याच्यावर मागितली जात होती. मी मैत्रिणीवर कितीतरी दिवस नाराज राहिले. नंतर लक्षात आलं, की तिचं चुकलं काय? मी तिला ८० सांगितले, तिच्या लेखी तो केक ८० चाच. तिने नणंदेला खरं तेच सांगितलं. मी दिलेले २० तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते, मग ती त्याची जाण तरी कुठून ठेवणार?

न सांगितलेली सूट म्हणजे भेट नव्हे. ज्याला दिली त्यालाच जी माहीत नाही, ती भेट कशी? यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आकडा बोलून दाखवला तर उपकार केल्यासारखं दिसतं. मला हे अजिबात मान्य नाही. आपण लग्नात पाकीट देतो तेव्हा त्यावर नाव घालतो, त्यात कुणाला उपकार दिसत नाही. तेच इथे. उलट, न बोलता कमी केलेले पैसे मनात साठत राहतात आणि सहा महिन्यांनी भलत्याच विषयावरच्या भांडणात बाहेर पडतात. भीड भिकेची बहीण, असं जुन्या बायका म्हणायच्या. भिडेखातर कमी केलेल्या किमतीच्या बाबतीत तर ते शब्दशः खरं आहे.

म्हणून ओळखीच्या ऑर्डरला मी आता तीन ओळी लिहून पाठवते. पूर्ण किंमत. माझ्याकडून भेट. देणे. भेट शून्य असेल तर मधली ओळ येत नाही, पण पहिली ओळ कधीही बदलत नाही. हे ऑर्डर ठरतानाच पाठवायचं. केक हातात देताना आकडा सांगणं दोघींनाही अवघड जातं.

आणि एक मला मुळीच खपत नाही: किंमत आधी १२५ सांगायची आणि मग “तुझ्यासाठी म्हणून १००”. ही भेटही नव्हे आणि सूटही नव्हे, हे खोटं आहे, आणि तेही मैत्रिणीशी. त्याच्याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे किंमत उतरवायची आणि गुपचूप माल हलका वापरायचा. कोको बटर असलेल्या चॉकलेटऐवजी वनस्पती तेलाचं कंपाउंड घालायचं, लोण्याच्या जागी मार्गारीन. कंपाउंड वापरायला माझी हरकत नाही, काही सजावटीला ते सोयीचंही पडतं. पण ते सांगून वापरा.

सूट आणि भेट ओळखायची आणखी एक खूण आहे, आणि मला ती फार उपयोगी पडते. फर्माईश कोणाची चालते ते बघायचं. विकत घेणारी सांगते: तीन मजले हवेत, कडेला सोनेरी वर्ख हवा, वर साखरेचे गुलाब हवेत. तो तिचा हक्क आहे, कारण ती पैसे मोजते. भेट देणारी मात्र स्वतः ठरवते की काय द्यायचं. मला जमेल तेव्हा, मला आवडेल तसा, माझ्या वेळात बसेल तेवढा. जिथे फर्माईश गिऱ्हाइकाची आणि किंमत भेटीची असते, तिथे काहीतरी बिनसलेलं आहे असं समजा. साखरेच्या गुलाबाची एकेक पाकळी पातळ लाटून, कड दाबून, वळवून वाळवावी लागते. एका फुलाला दोन-तीन दिवस लागू शकतात. “एक छोटंसं फूल तर लाव” असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा ती नकळत कितीतरी वेळ मागत असते.

“मी तुझी जाहिरात करीन” आणि “तुला तर आवडच आहे याची” या दोन वाक्यांवर मी वेळ घालवत नाही. आवड आहे म्हणूनच काम चांगलं होतं, आणि चांगल्या कामाची किंमत जास्त असते.

मग मैत्रिणीला खरोखरच परवडत नसेल तर? तेव्हा मी दर तोडत नाही, काम कमी करते. यासाठी आकाराइतकी सोपी वाट दुसरी नाही, पण ती फार थोड्याजणी वापरतात, कारण इंचांचा अंदाज चुकतो. गोल केकचा आकार व्यासाच्या वर्गाने वाढतो. उंची तीच ठेवली तर सहा इंची आणि आठ इंची यांचं प्रमाण ३६ ला ६४, म्हणजे सहा इंचीला आठ इंचीच्या ५६ टक्केच सामान लागतं. दोनच इंच कमी केले आणि सामान जवळपास निम्म्यावर आलं. उलट “आठ नको, दहा कर, एवढंसं तर वाढेल” म्हणणारीला सांगायला हवं, की ते एवढंसं म्हणजे दीडपटीहून जास्त आहे. मजुरी याच प्रमाणात उतरत नाही, हे खरं. सहा इंचीला कोट करायलाही टर्नटेबल तेवढाच फिरतो. म्हणून आकाराबरोबर सजावटही उतरवायची: गुळगुळीत कोटऐवजी चमच्याने ओढलेल्या लाटा, साखरेच्या फुलांऐवजी ताजी फळं, पोचवण्याऐवजी तिने येऊन घेऊन जायचं. अशी कमी झालेली किंमत निखळ असते. तुम्ही कमी काम केलंत, तिने कमी दिलं, कुणाचं कुणावर काही उरलं नाही.

सकारण सूटही असते, आणि ती द्यावी. एकसारखे ४८ कपकेक, एकच बॅटर, एकच रंग, एकच नोझल: इथे नगामागे वेळ खरंच वाचतो. तो वाचलेला वेळ गिऱ्हाइकाच्या पदरात टाकायला मी मागेपुढे बघत नाही, मग ती मैत्रीण असो वा अनोळखी. ही सवलत कामाला असते, ओळखीला नसते.

आणि भेट? भेट मी मनापासून देते. वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवते, यंदा ४ केक भेटीचे. कोणाला, ते माझं मी ठरवते, आणि त्या चौघांकडून सामानाचेही घेत नाही. पूर्ण भेट द्यायची ठरवून अर्धवट पैसे घेतले की ते धड विकणंही होत नाही आणि धड देणंही होत नाही. बाकी सगळ्यांना पूर्ण किंमत सांगताना मग माझा आवाज कापत नाही.

ज्यांनी आधीच कुणाला गुपचूप ८० लावले आहेत, त्यांनी पुढची ऑर्डर यायच्या आधी ते दुरुस्त करावं. ऑर्डर आल्यावर सांगितलं तर ते भाव वाढवल्यासारखं होतं. मी त्या मैत्रिणीला लिहिलं होतं: “मागच्या केकची पूर्ण किंमत १०० होती. २० मी चिमुरडीला भेट म्हणून सोडले होते, ते तुला सांगायचंच राहिलं. पुढच्या वेळेपासून १०० धर.” पाठवल्यावर दिवसभर फोन उलटा ठेवला होता. संध्याकाळी तिचं उत्तर आलं, “अगं, मग तेव्हाच सांगायचं नाहीस का! मी नणंदेलाही कळवते.” पुढच्या वाढदिवसाला तिने सहा इंची मागितला, वर नुसत्या स्ट्रॉबेऱ्या, आणि स्वतः येऊन घेऊन गेली.