उभयलैंगिकता हा ‘मधला थांबा’ नव्हे

‘बायसेक्शुअल म्हणजे अजून नक्की ठरलेलं नाही, होईल हळूहळू एका बाजूला.’ बायसेक्शुअल, म्हणजे स्त्री आणि पुरुष दोघांचीही ओढ वाटणाऱ्या उभयलैंगिक व्यक्तींबद्दलचं हे वाक्य घासून इतकं गुळगुळीत झालंय की खरंच वाटू लागतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी ७९ स्त्रियांचा १० वर्षं मागोवा घेतला. निष्कर्ष २००८ साली छापून आले. ‘बायसेक्शुअल’ किंवा ‘लेबलच नको’ ही ओळख सोडणाऱ्यांपेक्षा ती स्वीकारणाऱ्याच जास्त निघाल्या.

मग या मंडळींत नैराश्य जास्त का आढळतं? त्यात त्यांची ओळख मान्यच न करणाऱ्यांचा वाटा मोठा. पुरुषाशी लग्न केलं की ‘झालीस ना स्ट्रेट!’, मैत्रिणीसोबत राहिली की ‘लेस्बियनच होतीस तर!’ बाई तीच, ओढही तीच. बदललं फक्त शेजारचं माणूस. (आणि नाही, एकाच वेळी दोघं लागतात असंही नसतं.)