इम्बोल्कची झाडलोट आणि कँडलमासची आवराआवर

फेब्रुवारी उजाडला की पेगन, म्हणजे युरोपातले ख्रिस्तपूर्व सण पाळणाऱ्यांचे फोटो एका साच्यातले दिसायला लागतात: पांढरी मेणबत्ती, काड्यांचा झाडू, निम्मं रिकामं केलेलं कपाट. खाली कुणी ‘इम्बोल्क’ लिहितं, कुणी ‘कँडलमास’. तारखाही लागून, १ आणि २ फेब्रुवारी. दोन्हीकडे दिवे, दोन्हीकडे शुद्धीची भाषा. मग सण एकच, फक्त चर्चने त्याचं बारसं पुन्हा केलं, असं कुणीतरी ठोकून देतं. ऐकायला छान वाटतं, पण तारखा आणि जागा जुळवायला बसलं की गाडी अडते.

इम्बोल्क हा आयर्लंड, स्कॉटलंड आणि त्यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन बेटाचा, म्हणजे गेलिक भाषा बोलणाऱ्या मुलखाचा, तिथल्या वर्षाच्या चार मुख्य सणांपैकी एक. आयरिश तोंडात त्यातला ‘ब’ जवळजवळ ऐकूच येत नाही. थंडी सरलेली नसते, पण मेंढ्या विण्याला आलेल्या असतात आणि सडात दूध उतरायला लागतं. नावाचा अर्थ कुणी ‘पोटात’ असा लावतात. कॉर्मॅकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या आयरिश शब्दकोशात तो मेंढीच्या दुधाशी जोडलेला आहे. काही अभ्यासक धुण्याच्या शब्दाशीही नातं सांगतात. एका जुन्या आयरिश कवितेत इम्बोल्कला काय करावं ते आलंय: प्रत्येक पदार्थ चाखावा, हात, पाय, डोकं धुवावं. घर धुवा असं तिथे म्हटलेलं नाही. साफसफाई या सणाला चिकटते ती ब्रिजिडमुळे.

ब्रिजिड ही कवींची देवी, आणि त्याच नावाची किल्डेअरची संतही. संत ब्रिजिडचा दिवस १ फेब्रुवारी. देवी कुठे संपते आणि संत कुठे सुरू होते यावर विद्वान अजून भांडतात, आपण त्यात पडायला नको. घरापुरतं महत्त्वाचं इतकंच की ३१ जानेवारीच्या रात्री ती घरोघर फिरते अशी श्रद्धा होती. म्हणून संध्याकाळपर्यंत घर झाडून लख्ख करायचं. आयर्लंडच्या काही भागांत घरातली एक मुलगी लव्हाळ्यांचा भारा घेऊन बाहेर जायची आणि दारावरून ओरडून सांगायची: गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. आतून उत्तर यायचं: ये, ये, तुझं स्वागत आहे.

हे वाचताना मला गौरी आठवल्याशिवाय राहत नाही. ‘गौरी आली, कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली.’ तोच उंबरठा, तोच सवाल-जवाब. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण पाहुणी येणार म्हणून केलेली झाडलोट कशी असते हे आपल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

स्कॉटलंडच्या बेटांवर तर तिच्यासाठी अंथरूण घालत. रात्री निजण्याआधी चुलीतली राख हाताने सपाट करून ठेवायची आणि सकाळी उठल्या उठल्या आधी राखेकडे बघायचं. तिच्या काठीचा ओरखडा किंवा पावलाचा ठसा दिसला तर वर्ष चांगलं जाणार. राख गुळगुळीतच राहिली तर घरातले खट्टू.

आता अडगळ काढण्याची हौस असणाऱ्यांसाठी एक गंमत. त्या रात्री लव्हाळ्यांचा क्रॉस विणत. लव्हाळी कापायची नाहीत, उपटायची, असा दंडक. घराला आग लागू नये म्हणून तो दारावर किंवा आढ्याला खोचत. नवा आला म्हणून जुना फेकलाच पाहिजे असं नव्हतं. कित्येक घरांत जुने क्रॉस आढ्यालाच राहत आणि धुराने काळे पडत. म्हणजे ज्या सणाच्या नावाने आज लोक माळे रिकामे करतात, त्या सणाला छपराखाली दरवर्षी एका वस्तूची भर पडत होती.

कँडलमासची गोष्ट निराळी. हा ख्रिस्ती सण. ख्रिसमसपासून चाळिसावा दिवस. मुलगा झाल्यावर आईने चाळीस दिवस वेगळं राहून मग मंदिरात अर्पण द्यावं, हा बायबलच्या जुन्या करारातला नियम. मुलगी झाली तर ऐंशी दिवस, तेही नोंदवून ठेवू. मरियेने तो पाळला आणि बाळ येशूला जेरुसलेमच्या मंदिरात नेलं, असं नव्या करारातला लूक सांगतो. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना होतो, तोच साधारण हिशेब. मंदिरात म्हातारा सिमियोन बाळाला हातात घेऊन ‘राष्ट्रांना प्रकाश’ म्हणतो, त्या प्रकाशापायी मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याची रीत आली.

घरातली आवराआवरही इथून येते, पण दिशा उलटी. इंग्लंडात ख्रिसमसची हिरवळ, म्हणजे हॉली, आयव्ही वगैरे, कँडलमासपर्यंत ठेवायची आणि मग एकही पान मागे न ठेवता काढायची. पान राहिलं तर अपशकुन. इथे कुणी येणार नसतं. येऊन गेलेला सण उचलायचा असतो.

आता ‘चर्चने इम्बोल्क उचलला’ या दाव्याकडे येऊ. एजेरिया नावाची यात्रेकरू ३८० च्या दशकात जेरुसलेममध्ये होती आणि तिने हा चाळिसाव्या दिवसाचा सण तिथे पाहून लिहून ठेवला. तो तेव्हा १४ फेब्रुवारीला होता, कारण मोजणी ६ जानेवारीपासून होती, येशूचा जन्म तिथे त्या दिवशी पाळत. २ फेब्रुवारी ही तारीख कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये रुळली ती सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळात. जेरुसलेमच्या पाद्र्यांना आयर्लंडमधल्या मेंढ्यांचं वेळापत्रक ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

एक श्रद्धा दुसरीच्या जागेवर बसते तेव्हा कशी बसते, याचा दाखला हवा तर गोव्याला जा. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं आणि तिथे चॅपेल उभारलं ते कांदेलारियाच्या नावाचं, म्हणजे याच मेणबत्त्यांच्या मरियेचं. देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तिथे जागा सांगता येते, पाडणारे सांगता येतात. इम्बोल्क आणि कँडलमासच्या बाबतीत तसं काहीच हाती लागत नाही, नुसती तारखांची शेजारओळ.

आजचं कपाट रिकामं करणं मात्र दोन्हींतलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात विक्का हा नवा पेगन पंथ आणि प्राचीन केल्ट पुरोहितांचं नाव घेणारे नवे ड्रुइड पंथ आकाराला आले, त्यांनी आठ सणांचं वर्षचक्र बसवलं आणि इम्बोल्क त्यात गेला. मागच्या खोलीपासून दाराकडे केर काढणं, मीठ-पाणी शिंपडणं, वर्षभर न वापरलेलं देऊन टाकणं ही सगळी इथली भर. नवी म्हणून खोटी असं मी म्हणणार नाही. फक्त पांढऱ्या सेज या सुवासिक झुडपाची जुडी जाळून तिला केल्टिक, म्हणजे जुनी आयरिश-स्कॉटिश रीत म्हणू नये, ती रीत अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची. स्कॉटलंडात धुरी द्यायची ती जुनिपर या झुडपाची, आणि तीही मुख्यतः नववर्षाला. ऑस्ट्रेलियात राहणारे बरेच पेगन हा सण १ ऑगस्टच्या सुमारास करतात, कारण तिथे हिवाळा तेव्हा ओसरायला लागतो.

करून बघायचं असेल तर क्रम असा लावता येईल. ख्रिसमसचा कंदील, वाळलेली पानं, राहिलेलं सामान काढणं हे कँडलमासचं काम. दार, उंबरठा, चूल पुसून ठेवणं हे इम्बोल्कचं. गेलिक दिवस मावळतीला सुरू होतो, त्यामुळे झाडणं ३१ जानेवारीला सूर्य बुडायच्या आत उरकायचं. दिवेलागणीनंतर केर काढू नये म्हणणाऱ्या आपल्या आजीचीही मग तक्रार नाही. रात्री एक कापड खिडकीबाहेर ठेवायचं, ब्रिजिड जाताना त्याला स्पर्श करते म्हणून. सकाळी ते दंवाने ओलं झालेलं असतं. वाळवून, घडी घालून ते वर्षभर जपायचं आणि डोकं दुखलं की कपाळाला बांधायचं.