छप्पर ढकललं जातं की ओढलं जातं?

22 मे 2011 च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात जॉप्लिन शहरावरून टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा भोवरा, गेला. 161 जण दगावले. तिथल्या नऊ मजली रुग्णालयाचा सांगाडा जागचा हलला नाही, पण खिडक्या फुटल्या, वारा आत शिरला आणि इमारत निकामी झाली.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, जोर चौपट. पण टोर्नेडो सरळ वाहत नाही. गाभ्यात हवा जात्याच्या वरच्या दगडासारखी फिरते, म्हणजे मध्यापासून जितकं दूर तितका वेग जास्त. गाभ्याबाहेर वेग पुन्हा उतरत जातो. मधोमध दाब कोसळतो. 2003 मध्ये साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ जमिनीवर ठेवलेल्या यंत्राने 100 मिलिबारची घट नोंदवली. घर बाटलीसारखं हवाबंद असेल, तर छताच्या दर चौरस मीटरला साधारण एक टन उचल! घरं तशी नसतात. फटींतून हवा निघून जाते. तरीही ‘दाब सारखा व्हायला खिडक्या उघडा’ असा सल्ला तिकडे वर्षानुवर्षं दिला जाई. निव्वळ घातक. उघड्या खिडकीतून घुसलेला वारा घर आतून फुगवतो, बाहेरून छतावर ओढ असतेच. दोन्ही जोर वरच्याच दिशेने लागतात.

हे संगणकावर मांडायचं, तर घराभोवतालच्या हवेचे बारीक कप्पे पाडतात आणि क्षणाक्षणाला प्रत्येक कप्प्यातला वेग नि दाब सोडवतात. खरी डोकेदुखी मापांची. भोवरा शेकडो मीटर रुंद, पण ओढ सर्वात जास्त असते छताच्या कडेकोपऱ्यांशी, वीतभर जागेत. तिथले कप्पे मोठे ठेवले, तर नेमकी तीच ओढ उत्तरातून निसटते. कप्प्याची बाजू निम्मी केली की कप्पे आठपट. वेळेची पावलंही निम्मी घ्यावी लागतात, म्हणजे काम सोळापट. आणि भोवरा पुढे सरकत असल्यामुळे एकाच कोपऱ्यावर काही सेकंदांत वाऱ्याची दिशा उलटते. सरळ वाऱ्याच्या जुन्या कोष्टकांत हे सापडत नाही.

अमेरिकी स्थापत्य अभियंत्यांच्या भार-मानकात टोर्नेडोचं स्वतंत्र प्रकरण आलं ते थेट 2022 च्या आवृत्तीत. तेही रुग्णालयं, शाळा अशा महत्त्वाच्या इमारतींपुरतं. साधी घरं वगळलेली. ओक्लाहोमातल्या मूर शहराने मात्र 2013 च्या तडाख्यानंतर, पुढच्याच वर्षी, नव्या घरांसाठी ताशी 217 किलोमीटर वाऱ्याचा नियम केला: गॅरेजचं दार मजबूत हवं, आणि छताचे वासे भिंतीला नुसत्या खिळ्यांनी नव्हे, लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले हवेत.