दिसायला भावंडं, नात्यानं परकी

कोकण-गोव्याचा किनारा दिसेनासा होईपर्यंत बोट आत गेली, की पाण्याला जवळजवळ चिकटून उडणारा, चिमणीहून जरासाच मोठा काळपट पक्षी कधीकधी दिसतो. हा स्टॉर्म पेट्रेल. अरबी समुद्रात त्याच्या काही जाती येतात. त्यांतले विल्सन आणि स्विन्हो हे दोघे लांबून अगदी सारखे वाटतात.

विल्सनचं वजन जेमतेम 35 ते 40 ग्रॅम. त्याची शेपटी सरळ कापल्यासारखी आणि तिच्या मुळाशी ठळक पांढरा पट्टा. लांब पाय उडताना शेपटीबाहेर डोकावतात. खाताना पंख वर धरून तो पाण्यावर अक्षरशः पावलं टाकतो आणि पृष्ठभागावरचे बारीक जीव टिपतो. एकदा पाहिलं की हे दृश्य विसरता येत नाही. स्विन्हो थोडा मोठा असतो. त्याच्यावर पांढरा पट्टा नसतो, शेपटीला खाच असते, पंख लांब आणि टोकदार. तो झेपावत, वळणं घेत उडतो.

दोघे येतात मात्र विरुद्ध दिशांनी. विल्सन अंटार्क्टिका आणि भोवतालच्या बेटांवर डिसेंबरच्या सुमारास अंडं घालतो आणि तिकडे हिवाळा सुरू झाला की विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो. स्विन्होची वीण जपान, कोरिया, चीन आणि रशियाच्या पूर्वेकडच्या बेटांवर. ती आटोपल्यावर तो सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून हिंदी महासागरात उतरतो. दोघेही एकच अंडं घालतात, बिळात किंवा कपारीत, आणि शिकारी पक्ष्यांच्या भीतीनं घरट्याकडे रात्रीच फिरकतात.

इतकं साम्य असल्यामुळे पूर्वी त्यांना एकाच कुळात घालत. डीएनएच्या अभ्यासानं ते मोडीत काढलं. दक्षिणेकडचे आणि उत्तरेकडचे स्टॉर्म पेट्रेल ही दोन स्वतंत्र कुळं आहेत आणि ती एकमेकांची सर्वांत जवळची नातेवाईकही नाहीत. खुल्या समुद्रावर जगायची गरज सारखी, म्हणून बांधाही सारखा. मला या जोडीतलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं.

नशीब मात्र सारखं नाही. विल्सन जगातल्या सर्वाधिक संख्येच्या समुद्रपक्ष्यांपैकी एक. स्विन्होची वीण मोजक्या बेटांवर, तिथे उंदीर पोहोचले की अंडी-पिल्लं वाचत नाहीत. दक्षिण कोरियाच्या चिलबाल बेटावर तर आघाड्याच्या जातीच्या एका रोपट्याच्या चिकट बोंडांत पंख अडकून पक्षी मरतात. म्हणूनच आपल्याकडे स्विन्हो दिसला, तर शेपटीच्या मुळाचा फोटो जरूर घ्यावा. नोंद पक्की करायला तोच उपयोगी पडतो.