एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम? : एका मापाची पार्श्वभूमी

अमेरिकी पाककृतीतला ‘एक कप मैदा’ ग्रॅममध्ये मांडायला बसले, की एक कोष्टक १२० ग्रॅम सांगते, दुसरे १२५, आणि तिसरे १४० च्याही पुढे जाते. यांतले कोणतेच चूक असेल असे नाही, कारण प्रत्येकाने कप भरण्याची वेगळी रीत गृहीत धरलेली असते.

अमेरिकेतही आरंभी वजनच होते. १७९६ मध्ये हार्टफर्ड येथे छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’त पाउंड केकसाठी साखर, लोणी आणि मैदा प्रत्येकी एक पाउंड व दहा अंडी असे प्रमाण आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र तिथल्या घरगुती स्वयंपाकातून तराजू मागे पडत गेला. एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा आणि चार अंडी हा ‘एक-दोन-तीन-चार केक’ पाठ करायला सोपा होता, पण कप ज्याच्या त्याच्या घरचा आणि लोणी कित्येकदा ‘अंड्याएवढे’.

हा घोळ मिटवण्यासाठी बॉस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पुस्तकात प्रमाणित कपाचा आणि तो सपाट भरण्याचा आग्रह धरला. पायली, शेर, मापटे, चिपटे यांनी धान्य मोजणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना हा प्रश्न नवा नव्हता. माप शिगोशीग भरायचे की काठाबरोबर निपटायचे, यावरून व्यवहारात फरक पडतच असे. तरी धान्याचा दाणा दाबून फारसा बसत नाही, मैदा मात्र बसतो. म्हणूनच फार्मरबाईंनी मैदा मोजण्यापूर्वी चाळून घ्यायला सांगितले होते. पुढे चाळलेले पीठच बाजारात मिळू लागले, घरची चाळणी सुटली आणि कप थेट डब्यात बुडवण्याची सवय रूढ झाली. चमच्याने हलकेच भरलेल्या आणि डब्यात बुडवून भरलेल्या कपात २० ते ३० ग्रॅमचे अंतर सहज पडते, आणि केक कोरडा होण्यास तेवढे पुरते. साखरेच्या बाबतीत कोष्टके बहुधा २०० ग्रॅमवर एकमत होतात, कारण तिचे दाणे फारसे दबत नाहीत.

त्यातच कपही एक राहिला नाही. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, तर जपानचा २०० चा. फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅमची व्याख्या एक घनसेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून झाली; त्यामुळे मिलिलिटर म्हणजेच ग्रॅम हा सोपा हिशेब पाण्यापुरता चालतो, तेलालाही तो नेमका लागू पडत नाही, मग मैद्याची गोष्टच सोडा. भारतात १९५६ च्या कायद्यानंतर दुकानातले धान्य किलोवर आले, पण स्वयंपाकघरात वाटी टिकली, आणि वाटीला तर कधी कोणी प्रमाण ठरवून दिलेच नाही.

अमेरिकेत रोझ लेव्ही बेरनबाम यांच्या १९८८ च्या ‘द केक बायबल’ने घरगुती वाचकांसमोर कपांच्या जोडीने वजने ठेवली. पुढे स्वस्त डिजिटल काटे आले आणि वजनाचा वापर वाढला. तरीही ग्रॅममध्ये लिहिलेल्या कित्येक पाककृतींत खाण्याचा सोडा आजही ‘अर्धा चमचा’च असतो, अर्धा चमचा सोडा भरतो जेमतेम ३ ग्रॅम, आणि एक-एक ग्रॅमने पुढे सरकणाऱ्या घरगुती काट्यापेक्षा तिथे पाच मिलिलिटरचा सपाट चमचाच अधिक भरवशाचा ठरतो.